अकरा बावन्नचा मेल

मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा मुलाकडच्यांनी सहज विचारलं, "मुलीचे वडील काय करतात?" माझी बायको मूळची वळसंगची. तिला गोलगोल बोलता येत नाही. चहाचा ट्रे खाली ठेवत ती म्हणाली, "लोकांच्या कॉम्प्युटरवर टपाल बसवतात." पाहुण्यांनी "हो का, हो का" करत पोहे संपवले. लग्न जमलं. पण मी पोस्टातून रिटायर झालो आणि मला पेन्शन आहे, असा आमच्या व्याह्यांचा आजही समज आहे. मी तो मोडलेला नाही. तेवढाच मान.

तर हे टपाल बसवणं म्हणजे काय, ते आधी सांगतो. हल्ली सगळ्यांचे मेल इंटरनेटवर असतात. ब्राउझर उघडायचा, पासवर्ड टाकायचा, वाचायचं. सोपं आहे. पण सोलापुरातल्या एखाद्या कामाच्या माणसाचा ब्राउझर तुम्ही कधी पाहिलाय? एका टॅबमध्ये सुताचा भाव, एकात क्रिकेट, एकात भाच्याचा निकाल, एकात गुडघेदुखीवरचा उपाय. अशा पंचवीस टॅबच्या गर्दीत मेल कुठं गेला ते मालकाला सापडत नाही. मग तो फोन करतो, "सर, मेल हरवला."

त्यावर इलाज म्हणजे डेस्कटॉपवरचं मेलचं ॲप्लिकेशन. आत टपाल तेच, इंटरनेटवरचं. फक्त त्याला स्वतःची वेगळी चौकट. खालच्या पट्टीवर त्याचं चित्र, मेल आला की टिंग वाजणार, दोन-तीन खाती शेजारी शेजारी दिसणार, खाली सही आपोआप उमटणार. असलं ॲप्लिकेशन निवडायचं, बसवायचं, खाती जोडायची, आणि मालक "आलं लक्षात" म्हणेपर्यंत समोर बसायचं, हा माझा धंदा. मालकाच्या लक्षात कधीच येत नाही, म्हणून धंदा चालला.

मी चुका फार केल्या. त्यातल्या काही तर अशा, की दुसऱ्या कुणाला जमल्याच नसत्या.

माझ्या स्वतःच्या मशीनवर एकाच चौकटीत दोन खाती होती. एक माझं, धंद्याचं, आणि एक बायकोचं, भिशीचं. एकदा एका डॉक्टरांना मी मोठ्या ऐटीत मेल लिहिला, 'उद्या सकाळी दहाला स्वतः येतो, मशीन मोकळं ठेवा.' तो गेला बायकोच्या खात्यावरून, तिच्या नावानं. डॉक्टरांचं उत्तर आलं, 'काकू, जरूर या. पण सरांची तब्येत बरी आहे ना?' डॉक्टर ते! त्यांना पहिली शंका तब्येतीचीच येणार. बायकोनं ते उत्तर भिशीच्या सगळ्या बायकांना वाचून दाखवलं.

पण ज्या चुकीवर मी पुढं बरीच वर्षं शहाणपण मिरवलं, ती करमाळ्याची. तिथं बाजारात एक आडते होते, तात्या. त्यांना मी ॲप्लिकेशन बसवून दिलं आणि समजावताना म्हणालो, "तात्या, खरे मेल तिकडं इंटरनेटवर. हे इथलं म्हणजे झेरॉक्स समजा." आपण फार सोपं करून सांगितलं म्हणून मी स्वतःवरच खूश होऊन एसटीत बसलो. टेंभुर्णीही आली नव्हती, तोवर फोन.

"सर, मेल कुटं गेले सगळे?"

"असतील की तात्या. काय केलंत?"

"काय न्हाय. झेरॉक्सचा लई ढीग झालता. पुसून टाकला."

"सगळा?"

"मग? झेरॉक्स ठिवून काय करायचीत? खरे तिकडं हायत की. तुमीच म्हनला."

खरे तिकडं नव्हते. खरे तेच होते. या ॲप्लिकेशनच्या चौकटीत दिसतं ते तिकडचंच असतं. इथं पुसलं की तिकडंही पुसलं जातं. टेंभुर्णीला उतरून उलटी एसटी धरली. नशिबानं पुसलेले मेल काही दिवस कचऱ्याच्या पेटीत पडून राहतात. तिथून एकेक वर काढला. तात्या शेजारी बसून चहा पाजत होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "सर कचरा येचायलेत."

त्या दिवसापासून मी झेरॉक्स हा शब्द सोडला आणि खिडकीचं भाषण तयार केलं. "हे बघा, मेल या डब्यात नसतो. मेल तिकडं लांब. ही फक्त खिडकी आहे. खिडकी लावली म्हणून बाहेरचा रस्ता बंद पडतो का?" हे मी इतक्या कारखान्यांत, शाळांत, दवाखान्यांत ऐकवलं, की शेवटी माझा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला. माणसानं दुसऱ्याला उपदेश करावा, पण तो स्वतः फार मनावर घेऊ नये. मी घेतला, आणि त्याचं फळ मला पद्माक्कांच्या कारखान्यात मिळालं.

पद्माक्का म्हणजे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या मालकीणबाई. माग बारा. घर तेलुगू, पिढ्यान्‌पिढ्या विणकामातलं. घरात तेलुगू, मागावर मराठी आणि टेम्पोवाल्याशी दखनी, अशा तीन भाषांत त्यांचा दिवस जायचा. नवरा दोन वर्षांपूर्वी आजारपणात गेला. धाकटे दीर अंबादास यांचं म्हणणं, माग विकावेत आणि शेड गोडाऊनला भाड्यानं द्यावी. त्यात दुष्टपणा काही नव्हता. दुसऱ्यांसाठी टॉवेल विणून देण्यात राम उरला नव्हता हे त्यांना दिसत होतं. पद्माक्कांना वाटायचं, मधला व्यापारी काढून आपणच परदेशात माल द्यावा. शेवटी घरात बसून ठरलं: दसऱ्यापर्यंत वहिनींनी स्वतःची ऑर्डर आणली तर माग चालतील. नाही आणली, तर दसऱ्याला पूजा करून माग विकायचे. सासूबाईंच्या समोर शब्द झाला होता, म्हणजे तो स्टॅम्पपेपरपेक्षा पक्का.

त्यासाठी मेल लागणार, म्हणून मला बोलावलं. मी ॲप्लिकेशन बसवलं आणि सहा महिने आठवड्यातून दोनदा जाऊ लागलो. पद्माक्का माझ्या खुर्चीमागं उभ्या राहून मराठीत सांगायच्या, मी इंग्रजीत टाइप करायचो. "त्यांना म्हणा, धुतल्यावर रंग जाणार न्हाई, ही माझी जबाबदारी." मी लिहायचो. "गोड लिहा हं सर, तुमचं इंग्रजी लई रागीट दिसतंय." मी गोड करायचो. त्या दहावी शिकलेल्या. अक्षर अन् अक्षर त्यांना वाचता यायचं. तुम्हीच बसा की खुर्चीवर, असं मी एकदाही म्हणालो नाही. खुर्ची मऊ होती. चहा वेळेवर यायचा. आणि कुणीतरी आपल्यावाचून अडून राहतं, ही चव एकदा लागली की सुटत नाही.

करता करता परदेशातला एक खरेदीदार पटला. हॉटेलांना टॉवेल पुरवणारा. नमुने गेले, पसंत पडले. आता फक्त आमचा होकाराचा मेल जायचा होता. त्यासोबत रेटचा कागद, मापांचा तक्ता आणि सही केलेल्या शेड कार्डाचा, म्हणजे रंगांचे तुकडे लावलेल्या पुठ्ठ्याचा, स्कॅन. मूळ शेड कार्ड नमुन्यांबरोबर कुरियरनं गेलं होतं, स्कॅन तेवढा मशीनमध्ये होता. खरेदीदारानं मुदत दिली होती: खंडेनवमीच्या दिवशी आपल्या संध्याकाळी सहापर्यंत मेल आला तर ठीक, नाही तर ते दुसऱ्याकडं जाणार.

अष्टमीला दुपारी मी मेल तयार केला आणि म्हणालो, "पाठवू?"

"थांबा," सासूबाई म्हणाल्या. पंच्याहत्तरीच्या, नाकात दोन्हीकडं चमकी, आवाज मागाच्या वर चढणारा. "घरातली पहिली ऑर्डर. अशी कधीबी पाठवायची? मुहूर्त बघून पाठवा."

गुरुजींना फोन झाला. गुरुजींनी नवमीचे अकरा बावन्न काढले. अकरा पन्नास चालणार नाही, बावन्नच. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि इथं मला चढली.

"काहीच प्रश्न नाही," मी म्हणालो. "या ॲप्लिकेशनला वेळ लावून ठेवता येते. कुणी बसायला नको की बटण दाबायला नको. बरोबर अकरा बावन्नला आपोआप जाईल."

"मिनिटाला?"

"सेकंदाला."

सासूबाईंनी ॲप्लिकेशनकडं बघून हात जोडले. मी उगाचच मान लववली.

नवमीला सकाळी मला पाहुणा म्हणून बोलावणं होतं. ज्यांनी आमच्याकडची खंडेनवमी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या दिवशी हत्यारांची पूजा होते, आणि मागवाल्याचं हत्यार म्हणजे माग. बाराही माग पुसून, तेल देऊन, झेंडूच्या माळा घालून ठेवले होते. एकदा हळदकुंकू लागलं की दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. त्यांची विश्रांती. वर्षभर राबलेल्याला दीड दिवस तरी कुणी त्रास देऊ नये, असा त्यामागचा भाव. मागांनंतर तराजू, कात्र्या, शिलाई मशीन, आणि सगळ्यात शेवटी कॉम्प्युटर.

"याची पूजा सरांच्या हातनं," सासूबाई म्हणाल्या.

एवढा मान मला माझ्या लग्नातही मिळाला नव्हता. मी कुंकू मॉनिटरच्या कडेला लावलं, कीबोर्डावर अक्षता टाकू नका म्हणून सूचना दिल्या, तरी टाकल्या. नारळ एका फटक्यात फुटला, त्याचा मला फार अभिमान वाटला. मग मी मशीन विधिपूर्वक बंद केलं. हो, मीच. माझ्या या हातानं. वर भिंतीतला प्लगसुद्धा काढून ठेवला, कारण विश्रांती म्हणजे विश्रांती. मॉनिटरवर माळ चढली.

तेव्हा अंबादासनी विचारलं. ते दारात उभे होते. कमी बोलणारे गृहस्थ.

"सर, एक विचारू का? मशीन तर बंद हाय. मग मेल जाणार कुठनं?"

आता बघा, माझ्या अख्ख्या धंद्यात कुणी विचारला नसेल इतका बरोबर प्रश्न होता तो. आणि मी काय केलं? हसलो. नुसता हसलो नाही, खिडकीचं भाषण दिलं. "अंबादासभाऊ, मेल काय या डब्यात असतो? मेल तिकडं. ही फक्त खिडकी..." अगदी रस्त्यासकट. मागवाले, त्यांच्या बायका, सगळे हसले. एकजण म्हणाला, "भाऊ, तुमी आपलं गोडाऊनचं बघा." अंबादासचे कान लाल झाले.

अकरा पन्नासला आम्ही दहा-अकरा माणसं त्या बंद मशीनसमोर ओळीनं उभे राहिलो. चपला बाहेर. सासूबाईंच्या हातात आरतीचं तबक. मी मोबाइलमधलं घड्याळ बघत होतो. एक्कावन्न झाले. कुणी खोकलंसुद्धा नाही. काळा पडदा, त्यावर झेंडूची माळ, बाजूला प्लग लोंबतोय, आणि समोर आम्ही हात जोडून.

बावन्न.

"गेला!" मी जाहीर केलं.

टाळ्या पडल्या. पद्माक्कांचे डोळे भरून आले. त्यांनी आधी सासूबाईंना वाकून नमस्कार केला, मग मला पेढा दिला. मी दोन घेतले.

घरी येऊन जेवलो आणि आडवा झालो. चार वाजून गेल्यावर फोन वाजला. पद्माक्का.

"सर, त्यांचा मेल आलाय. मोबाइलवर दिसायलाय. 'तुमचा होकार अजून आला नाही, सहापर्यंत वाट बघतो' असं काहीतरी हाय. आपला तर गेलाय की न्हाई?"

"गेलाय, गेलाय. पोचायला वेळ लागतो कधीकधी," मी झोपेत म्हणालो.

"मी पाठवलेल्यात बघितलं. तिथं न्हाई."

"मग ड्राफ्टमध्ये बघा."

"तिथंबी न्हाई."

मी उठून बसलो. आणि तेव्हा मला अंबादासचा प्रश्न आठवला. मेल तिकडं असतो हे खरं. पण वेळ लावून ठेवलेला मेल हे ॲप्लिकेशन तिकडं पाठवतच नाही. ते तो स्वतःपाशी, त्याच मशीनच्या पोटात धरून बसतं, आणि वेळ झाली की सोडतं. मशीन चालू असेल तर! खिडकीच्या आत, उंबऱ्यावर, आमचा मेल चपला घालून तयार बसला होता, आणि मी बाहेरून कडी लावून पेढे खाल्ले होते.

बायकोला म्हणालो, "घोटाळा झालाय. स्कूटरची किल्ली दे."

"कुणाचा?"

"माझा."

"ते कळलं. कुणाकडं जायचंय?"

कारखान्यात पोचलो तेव्हा पाच व्हायला दहा मिनिटं होती. सगळे ऑफिसात. मी जे होतं ते सांगून टाकलं. गोल बोलायला वेळच नव्हता. मशीन चालू करावं लागेल, दुसरा मार्ग नाही. मोबाइलवरून नवा मेल लिहिता येईल, पण शेड कार्डाचा स्कॅन, तक्ता, सगळं आत अडकलेलं.

अंबादास दाराशीच होते. ते एवढंच म्हणाले, "सर, खिडकी लागलेली दिसतीय."

मी खाली बघितलं. पायात चपला दोन वेगळ्या होत्या.

सासूबाईंनी मशीनपुढं खाली बसून आडवा हात धरला. "पूजेतलं हत्यार उठवायचं न्हाई. आमच्या सासऱ्यांनी कधी उठवलं न्हाई. ह्यांनी न्हाई. थोरल्यानं न्हाई."

थोरला म्हणजे पद्माक्कांचा नवरा. ते नाव निघाल्यावर पद्माक्कांनी प्लगकडं नेलेला हात मागं घेतला. त्या सासूबाईंच्या शब्दाबाहेर नव्हत्या, आणि हे सगळ्यांना माहीत होतं. घड्याळात पाच वाजले. मेल गेला नाही तर उद्या पूजा उतरवून बारा माग विकले जाणार होते. आणि ते माझ्या पाठांतरामुळं. मी म्हणालो, "आजी, चूक माझी आहे, दोष मला लागू दे," पण ते इतकं नाटकी वाटलं की कुणी लक्षच दिलं नाही.

मग अंबादास पुढं आले. आईच्या शेजारी खाली उकिडवे बसले आणि तेलुगूत काहीतरी बोलले. मग आम्हालाही कळावं म्हणून असेल, मराठीत म्हणाले, "अम्मा, माग विकायचे हे मीच म्हणतोय. आजबी म्हणतोय. पण वहिनीचा खरेदीदार न्हाई म्हणाला तर विकू. प्लग काढला म्हणून विकायचे, हे मला न्हाई पटत. लोकं म्हणतील अंबादासनंच काढला."

सासूबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. मग उठल्या. मॉनिटरवरची माळ दोन्ही हातांनी काढली, कपाळाला लावली आणि मशीनशी तेलुगूत बोलायला लागल्या. झोपलेल्या लेकराला शाळेसाठी उठवावं तशा. मला तेलुगू येत नाही, पण त्यात 'सर' हा शब्द दोनदा आला, आणि दोन्ही वेळा मागवाल्यांच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

प्लग लावला. मशीन सुरू झालं. ॲप्लिकेशन उघडलं आणि त्यानं मध्यभागी एक प्रश्न टाकला: ठरलेली वेळ टळून गेली आहे, आता पाठवायचा का? खाली दोन बटणं, हो आणि नाही. मी खुर्ची ओढून माउसकडं हात नेला.

"सर, उठा," पद्माक्का म्हणाल्या.

"अहो, एकच बटण..."

"उठा म्हणते ना. सकाळी तुम्ही 'गेला' म्हणालात."

मी उठलो. त्या बसल्या. सहा महिन्यांत पहिल्यांदा. खुर्ची त्यांना उंच होत होती, ती खाली कशी घ्यायची हेही मी कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी 'हो' दाबलं नाही. मेल उघडला आणि बोट पडद्यावर ठेवून पहिल्या ओळीपासून वाचायला लागल्या. मोठ्यानं, एकेक शब्द. पाच वाजून दहा मिनिटं. मी मागून म्हणालो, "वाचायची गरज नाही, मी दोनदा तपासलाय."

"सेव्हन्टी बाय वन फॉर्टी," त्या वाचत होत्या. थांबल्या. "सर, हे पुढं काय हाय? इंचेस?"

"हो, इंच."

"आपला टॉवेल सत्तर बाय एकशेचाळीस सेंटीमीटर हाय. आपल्या तक्त्यात सेंटीमीटर लिहिलंय. मी तुम्हाला सेंटीमीटर सांगितलं होतं."

मी पुढं वाकून बघितलं. इंच. स्वच्छ, ठळक इंच. त्या आठवड्यात मी गावभर नवे मॉनिटर बसवत हिंडत होतो. बावीस इंच, चोवीस इंच, तोंडात दुसरं मापच नव्हतं.

"म्हंजे केवढा होतोय?" सासूबाईंनी विचारलं.

अंबादासनी दोन्ही हात पसरले, ते पुरेनात म्हणून भिंतीपर्यंत चालत गेले. "हितनं तितपर्यंत, अम्मा."

"अय्यो! त्यात माणूस अंग पुसंल का हत्ती?"

"आणि रेट लहान टॉवेलचा," पद्माक्का म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या. "सकाळी हा गेला असता तर, सर?"

गेला असता तर बाई हत्तीचे टॉवेल माणसाच्या दरात द्यायला बांधल्या गेल्या असत्या, किंवा खरेदीदारानं हसून सोडून दिलं असतं. मी म्हणालो, "बघा, म्हणजे मी प्लग काढला ते एका अर्थानं..."

"सर," पद्माक्का म्हणाल्या, "एका घोटाळ्यानं दुसरा अडवला, म्हणून दोन्ही माफ होत न्हाईत."

त्यांनी इंच पुसायला सुरुवात केली. पुसायचं बटण दाबलं तर दबेना. खाली अक्षता अडकली होती. सासूबाईंनीच केसातली पिन काढून दिली. मग एका बोटानं, अक्षर शोधत, त्यांनी सेंटीमीटर लिहिलं. पूर्ण मेल परत वाचला. जोडलेले तिन्ही कागद उघडून बघितले. गुरुजींना फोन करून आताची वेळ कशी आहे विचारावं, असं कुणीतरी सुचवलं. "कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "वाईट निघाली तर काय पाठवायचा न्हाई?"

पाच वाजून एकोणतीस मिनिटांनी पद्माक्कांनी मेल पाठवला. या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी 'पाठवलेले' उघडलं, तिथं मेल दिसतोय हे बघितलं, मोबाइल काढून त्यातही बघितलं, आणि मगच पाठ खुर्चीला टेकवली.

पुढची वीस मिनिटं फार लांब होती. चहा आला तो निवला. मी टिंग वाजण्याचा आवाज मोठा करून ठेवावा म्हणून पुढं झालो, तर अंबादासनी माझा दंड धरला. "राहू द्या सर. हाय तसं बरं हाय."

टिंग वाजली.

सगळ्यांनी सवयीनं माझ्याकडं बघितलं. मी घसा खाकरला. पण पद्माक्का वाचायला लागल्याही होत्या. "वुई... हॅव रिसीव्हड... युवर..." दोन ओळींचा मेल होता. मला लांबूनच दिसला होता, एका नजरेत कळला होता, आणि तोंडावर आलेलं मी गिळून उभा राहिलो. त्या एकेक शब्द लावत गेल्या. कन्फर्म या शब्दाशी आल्या, तो परत वाचला, आणि मग तेलुगूत सासूबाईंना सांगितलं. म्हातारीनं आधी मशीनच्या डोक्यावरून हात फिरवला, मग सुनेच्या.

अंबादास थोडा वेळ दाराबाहेर जाऊन उभे राहिले. आत आले तेव्हा म्हणाले, "वहिनी, उद्या पूजा उतरल्यावर मागवाल्यांना किती वाजता बोलवू?"

दुसऱ्या दिवशी दसरा. आपट्याची पानं घेऊन मी कारखान्यात गेलो. खरं सांगायचं तर बोलावणं नव्हतं. शेडमध्ये बाराही माग एकदम चालू होते, आणि त्या खडखडाटात मी "सोनं घ्या, सोनं घ्या" म्हणत होतो ते माझं मलाच ऐकू येत नव्हतं. ऑफिसच्या दारात आलो. पद्माक्का खुर्चीवर बसलेल्या, खुर्ची आता त्यांच्या मापाची खाली घेतलेली. दुसऱ्या कुठल्यातरी खरेदीदाराला मेल चालला होता, एका बोटानं. मी आत पाऊल टाकलं आणि सवयीनं पडद्याकडं मान लांब केली. एका शब्दात चूक होती. सांगू का, असं तोंडात आलं.

त्यांनी पडद्यावरची नजर न काढता डावा हात वर केला.

"थांबा सर. एवढं पाठवते, मग बोला."

मी आपट्याची पानं मुठीत धरून त्यांच्या खुर्चीमागं उभा राहिलो. त्या पहिल्या ओळीवर परत गेल्या आणि बोट ठेवून वाचायला लागल्या. चुकीच्या शब्दापाशी बोट थांबलं. त्यांनी तो पुसला आणि नीट लिहिला.